ब्रेकडाउन नक्की कोण झालं

बायपासवर गाडी बंद पडली की त्या पट्ट्यात एकच नंबर फिरवला जायचा, आणि तो दोन बहिणींचा होता. थोरली क्रेनचा ट्रक चालवायची, धाकटी फोन घ्यायची. वडील गेले तेव्हा त्यांच्यामागे हा ट्रक, एक पत्र्याची शेड आणि शेडच्या कोपऱ्यात काचेची केबिन एवढंच उरलं होतं. ट्रक विकून टाका, असं झाडून सगळ्या काका-मामांनी सुचवलं. थोरलीने सगळ्यांना चहा पाजला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक घेऊन कामाला गेली.

तिला सगळा रस्ता ताई म्हणायचा. टोलवरची माणसं ताई म्हणायची, पंपावरची म्हणायची, आणि तिच्यापेक्षा वयाने कितीतरी मोठे ट्रकवालेही ताईच म्हणायचे. ती कमी बोलायची, पण बोलली की त्यावर कोणी वाद घालायच्या फंदात पडत नसे. भर रस्त्यात आडवी झालेली गाडी, घाबरलेला मालक, मागे लागलेली रांग आणि कर्कश हॉर्न, या सगळ्याच्या मधोमध ती अशी उभी राहायची की जणू स्वयंपाकघरात उभी आहे आणि कुकरची शिट्टी व्हायची वाट बघते आहे.

धाकटीचं सगळं काम तोंडाचं. फोन उचलला की ती आधी इंग्रजीतून बोलायची, कारण विमा कंपन्यांचे फोन इंग्रजीतून यायचे. समोरचा मराठीवर घसरला की हीसुद्धा आनंदाने घसरायची. कॉलेजात इंग्रजी शिकली होतीच, पण खरं इंग्रजी आपल्याला या फोननेच शिकवलं, असं ती म्हणायची. गाडी बंद पडल्यावर पुस्तकातलं इंग्रजी कोणाच्याच तोंडून निघत नाही.

शेडवर मोठी पाटी होती, ब्रेकडाउन सर्व्हिस. ताईच्या लेखी त्या शब्दाला एकच अर्थ होता. ब्रेकडाउन म्हणजे गाडी जागची हलत नाही आणि आपण निघायचं.

त्या दिवशी दुपारी फोन आला तेव्हा ताई शेडमध्ये क्रेनच्या दोराला ग्रीस लावत होती. धाकटीने केबिनची काच सरकवली आणि ओरडून सांगितलं, "ताई, ब्रेकडाउन. वजनकाट्याच्या थोडं पुढे, नदीकडे जाणारी बाजू. निळी छोटी गाडी. एकटीच बाई आहे. तिच्या मुलाने फोन केला होता, परदेशातून."

"झालंय काय?"

"ते कळायच्या आधीच लाइन तुटली. घाईत होता बिचारा."

ताईने हात पुसले आणि ट्रक काढला.

निळी गाडी लांबूनच दिसली. रस्त्याच्या कडेला अगदी सरळ रेषेत उभी, चारही इंडिकेटर चालू, मागे बऱ्याच अंतरावर लाल त्रिकोण ठेवलेला. ताईला बरं वाटलं. निम्मे लोक तो त्रिकोण डिकीत ठेवूनच मरतात. तिने ट्रक गाडीच्या मागे लावला, पिवळा दिवा सुरू केला आणि जाऊन काचेवर टकटक केली.

आत साठीच्या पुढची एक बाई बसली होती. पांढरे केस कानापर्यंत कापलेले, पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडी उभी होती तरी चालवत असल्यासारखी समोर बघत होती. शेजारच्या सीटवर एक काळी चामडी बॅग होती. तिने काच खाली केली.

"काय झालं गाडीला?" ताईने विचारलं.

"काही नाही."

असं बरेच जण म्हणतात. ताईने हात पुढे केला. "चावी द्या. जरा इकडे सरका."

बाईने मुकाट्याने चावी दिली आणि बॅग मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर सरकली. ताईने चावी फिरवली. पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली. तिने कान देऊन ऐकलं, ॲक्सिलरेटर दाबून सोडून बघितला, बोनेट उघडून पाणी पाहिलं, तेल पाहिलं, वाकून खाली पाहिलं, ब्रेक दाबून पाहिला. मग बोनेट लावून खिडकीशी आली.

"गाडी ठणठणीत आहे."

"हो. मागच्याच आठवड्यात सर्व्हिसिंग केलंय."

"मग बोलावलंत कशाला?"

"मी नाही बोलावलं," बाई म्हणाली. "तुम्ही कोण?"

आता कुठे ताईने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. डोळे लाल होते, पापण्या सुजलेल्या. पायाशी चुरगळलेल्या टिश्यूंचा ढीग पडला होता. ताई ट्रककडे गेली आणि तिने धाकटीला फोन लावला.

"गाडीला धाड भरलेली नाही. आत एक बाई रडत बसलीय."

 मग धाकटी हळूच म्हणाली, "ताई, तो 'शी' म्हणाला होता. 'शी हॅज ब्रोकन डाउन.' मला वाटलं, गाडी. बरेच लोक गाडीला शीच म्हणतात."

"मग कोण?"

"आई. तो आईबद्दल बोलत होता. ब्रेक डाउन माणूसही होतो, ताई. म्हणजे रडू कोसळतं, बांध फुटतो, आणि मग आवरता आवरत नाही."

"मग सरळ रडतेय म्हणायचं."

"इंग्रजीत असंच म्हणतात."

ताई ट्रकला टेकून उभी राहिली. एवढी वर्षं डोक्यावर ज्या शब्दाची पाटी घेऊन बसलो, त्याने आपल्याला असं तोंडघशी पाडावं, याचा तिला थोडा रागच आला. "आणखी काय काय ब्रेकडाउन होतं? आत्ताच सांगून टाक."

"बोलणी होतात. दोघांत काही ठरत आलेलं असतं आणि मोडतं ना, तेही ब्रेक डाउन. दार फोडून आत घुसले तरी ब्रेक डाउन. आणि आपल्याकडे बिल देताना कंपनीवाले मागतात की, ब्रेकडाउन द्या. म्हणजे ओढायचं किती, चाकाचं किती, सगळं सुटं सुटं करून."

"एकाच शब्दाने एवढी कामं करायची?"

"का, मी नाही करत? फोन मीच, हिशेब मीच, चहा मीच." धाकटीला तेवढ्यातही चेव आला होता. मग आवाज बदलून ती म्हणाली, "काय करणार आहेस? गाडी चालू आहे म्हणजे आपलं काम नाही खरं तर."

"रस्त्याच्या कडेला कोणाला बसवून ठेवत नाही मी," ताई म्हणाली. "तू त्या मुलाला परत फोन लाव. सांग, पोचलोय म्हणून."

ती निळ्या गाडीकडे परतली. "बाहेर या. गाडीत बसायचं नाही. मागून कोणी डुलकी घेत आला आणि ठोकून गेला तर तुमचं आणि माझं दोघींचं आटोपेल. त्या कठड्याच्या पलीकडे बसू."

बाईला अशा आवाजात कोणी सांगत नसावं. ती चमकली, पण उतरली. बॅग मात्र तिने सोबत घेतली. कठड्यापलीकडे गवताचा उतार होता, तिथे दोघी बसल्या. ताईने ट्रकमधून थर्मास आणला आणि झाकणात चहा ओतून दिला. बाईने तो दोन्ही हातांनी धरला, तरी थोडा सांडलाच.

"मी दातांची डॉक्टर आहे," ती म्हणाली. अनोळखी माणसाजवळ पहिल्यांदा आपला धंदा सांगावा तसं. "माझी मुलगीही दातांचीच डॉक्टर. म्हणजे होती. म्हणजे आहे, पण काम करत नाही."

"मग काय करते?"

"होड्या दुरुस्त करते. इथून पुढे, नदीकाठी. लाकडी होड्या, फुटलेल्या, गळणाऱ्या."

"हल्ली फायबरच्याही येत असतील."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. या बातमीवर आजवर प्रत्येकाने च्यक् च्यक् केलं असणार. फायबरची चौकशी पहिल्यांदाच होत होती. त्यामुळे असेल किंवा चहामुळे असेल, पण त्यांना तोंड फुटलं.

मुलगी डॉक्टर झाली तेव्हा त्यांनी दवाखान्यात स्वतःच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची बसवून घेतली होती. वर्षभर मायलेकी शेजारी शेजारी काम करत होत्या. पेशंट कौतुक करायचे. मग एके दिवशी, सकाळची गर्दी चालू असताना, मुलगी म्हणाली की आई, मला हे जमत नाही असं नाही, पण मला हे करायचं नाही.

"मी तोंडावरचा मास्क खाली केला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि म्हणाले, आजपासून मला एकच मूल आहे. बाहेर पेशंट बसले होते. सगळ्यांनी ऐकलं."

"मग?"

"तिने एप्रन काढला, त्याची घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर आमचं बोलणं नाही. मुलगा मध्ये पडतो, जुळवत आणतो, आणि ऐन वेळी मोडतं. कधी तिच्याकडून, कधी माझ्याकडून."

"म्हणजे ब्रेकडाउन," ताई म्हणाली.

"काय?"

"काही नाही. सांगा तुम्ही."

"काल मुलाचा फोन आला. तिची दाढ ठणकतेय, गाल सुजून भोपळा झालाय, रात्र रात्र झोप नाही. आणि ही बया कोणाकडेच दाखवायला तयार नाही. भावाला म्हणाली, आईला विचार, येते का."

"मग चांगलंच झालं की."

"काय चांगलं? दाढ दाखवायला बोलावलंय तिने. मला नाही बोलावलं."

"दाढ काय एकटी भेटते का?" ताई म्हणाली. "तिच्याभोवती मुलगी असणारच."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, पण त्यांचा श्वास जरा सुटला. "निघाले तेव्हा अगदी घट्ट होते मी. गेल्यावर काय बोलायचं ते पाठ करत चालले होते. त्या वजनकाट्यापाशी आले आणि लक्षात आलं, तोंडात एकच वाक्य आहे. तेच, तेव्हाचं. दुसरं काही सुचतच नाही. गाडी बाजूला घेतली, मुलाला फोन केला, आणि त्याच्याशी बोलता बोलता जे रडू फुटलं ते आवरेचना. ते परवडलं. पण हे बघा."

त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. बोटं थरथरत होती.

"आजवर माझा हात हलला नाही. ताप असताना नाही, सासू गेली त्या दिवशीही नाही. हा हात मी तिच्या तोंडात कसा घालू? आणि तेही जमणार नसेल तर मी तिथे जाऊन करू काय? माझ्याकडे दुसरं काय आहे तिला द्यायला?"

रस्त्यावरून एक लांबलचक ट्रेलर गेला आणि वाऱ्याने गवत आडवं झालं. ताई विचार करत होती. समजावणं तिला जमत नसे. ते धाकटीचं खातं. बंद गाडीपुढे उभं राहून सगळं ठीक होईल म्हटल्याने गाडी सुरू होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने बॅगेकडे बोट दाखवलं.

"यात काय आहे?"

"हत्यारं. आरसा, टॉर्च, थोडी औषधं."

"मग माझी एक दाढ बघता का? डावीकडची, खालची. हिवाळ्यापासून त्रास देते."

"आता? इथे?"

"त्यात काय? तुम्ही डॉक्टर आहात, माझी दाढ दुखते."

डॉक्टरबाईंनी क्षणभर तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग बॅगेची चेन ओढली. पाकीट फोडून हातमोजे चढवले, टॉर्च काढला, लांब दांड्याचा छोटा आरसा काढला आणि गुडघ्यांवर उभ्या राहिल्या. "मान मागे. अजून. आ करा. मोठा करा, लाजायचं नाही."

रस्त्यावरून जाणारी एक मोटार हळू झाली. कठड्यापलीकडे गवतात बसलेली क्रेनवाली, तिच्या उघड्या तोंडात टॉर्च मारून बघणारी एक पांढऱ्या केसांची बाई, आणि शेजारी थर्मास. मोटारीतली माणसं माना वळवून बघत गेली.

"कधीपासून म्हणालात?"

"आँ."

"हिवाळ्यापासून. आणि लवंग दाबून ठेवत असाल."

"आँ."

"लवंगेने दाढ झोपते, बरी होत नाही. केवढा खड्डा पडलाय हा, आणि शेजारची पण लागलीय. ब्रश तरी आतपर्यंत जातो का? खोटं बोलू नका, मला दिसतंय." त्यांचा आवाज चढत चालला होता. "गाडीचं तेल वेळच्या वेळी बदलत असाल ना? मग हे? येत्या आठवड्यात दवाखान्यात यायचं. कामं आहेत, गर्दी आहे, बहीण एकटी आहे, मला काही सांगायचं नाही. आता तोंड मिटा."

ताईने तोंड मिटलं. चांगलीच बोलणी खाल्ली होती तिने, आणि दाढही ठणकायला लागली होती. डॉक्टरबाई आरसा पुसत होत्या, पुटपुटत होत्या, बॅगेत एकेक वस्तू तिच्या तिच्या खणात ठेवत होत्या. ताईने सगळं ठेवून होऊ दिलं आणि मग म्हणाली, "हात बघा."

डॉक्टरबाईंनी हात पुढे धरले. दोघी बघत राहिल्या. बोटं जागच्या जागी होती.

"तुम्ही मुद्दाम केलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"दाढ खरीच दुखते."

त्यांनी बॅगेची चेन लावली. मग म्हणाल्या, "एक करता का? माझी गाडी ओढून न्या. मी तुमच्याशेजारी बसते. तिथपर्यंत पोचले की पुढचं बघीन."

"चालू गाडी मी ओढत नाही," ताई म्हणाली.

"एवढं अंतर मला एकटीला जमणार नाही आता."

"एवढं अंतर कोण म्हणतंय? त्याचं ब्रेकडाउन करू."

डॉक्टरबाईंच्या भुवया वर गेल्या. "कसलं?"

"बहिणीने आत्ताच शिकवलं. सुटं सुटं करायचं. इथून पंपापर्यंत जायचं, बास. तिथे चाकातली हवा बघू. मग तिथून पुलापर्यंत. पुलाच्या पुढे जायचं की नाही, ते पुलावर ठरवू. मी पुढे राहते, दिवा चालू ठेवते. तुम्ही फक्त त्या दिव्याकडे बघत या. थांबावंसं वाटलं तर लाइट मारा, मी थांबते."

डॉक्टरबाई उठल्या, कपड्यांवरचं गवत झटकलं आणि स्वतःच जाऊन मागचा लाल त्रिकोण उचलून आणला.

पंपापर्यंतचा रस्ता त्या अगदी हळू आल्या. ताईला आरशात निळी गाडी मुंगीसारखी दिसत होती. पंपावर ताईने चारही चाकांची हवा तपासली. ती बरोबरच होती, तरी तिने एका चाकात थोडी भरली आणि थोडी काढली. डॉक्टरबाई काच खाली करून बघत होत्या. "पुलापर्यंत ना?" त्यांनी विचारलं.

"पुलापर्यंत."

पूल आला. ताईने वेग कमी केला आणि बाजूला घेण्यासाठी इंडिकेटर दिला. तेवढ्यात मागून दोनदा लाइट चमकले. तिने आरशात पाहिलं. डॉक्टरबाई स्टिअरिंगवरचा एक हात सोडून पुढे पुढे अशी खूण करत होत्या, वर्गात रेंगाळणाऱ्या मुलाला करावी तशी. ताईने इंडिकेटर बंद केला आणि पाय दाबला.

होड्यांची शेड नदीच्या अगदी कडेला होती. बाहेर चार-पाच होड्या पालथ्या घातलेल्या, लाकडाचा भुसा, डांबराचा वास. क्रेनच्या ट्रकचा आवाज ऐकून आतून एक तिशीतली मुलगी बाहेर आली. अंगात डाग पडलेला डगला, डोक्यापासून हनुवटीपर्यंत गच्च बांधलेला रुमाल, आणि रुमालाच्या एका बाजूने बाहेर आलेला गाल. कोणीतरी होडी टाकायला आलंय असं तिला वाटलं असणार, कारण तिने हाताने उतरवायची जागा दाखवली. मग ट्रकच्या मागची निळी गाडी तिला दिसली आणि तो हात तसाच राहिला.

डॉक्टरबाई बॅग घेऊन उतरल्या. दोघींमध्ये एक पालथी होडी होती.  डॉक्टरबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ताई वर ट्रकच्या केबिनमध्ये बसून बघत होती. त्या बाईच्या तोंडात एकच वाक्य आहे हे तिला माहीत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण हॉर्न वाजवावा.

"तोंड उघड," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मुलीने रुमाल सोडला आणि तोंड उघडलं.

"असं नाही. बस इथे, उजेडाकडे तोंड करून." त्यांनी होडीच्या पाठीवर थाप मारली आणि ताईकडे न बघताच हात मागे केला. "टॉर्च धरा हो जरा."

ताई उतरली आणि टॉर्च धरला. डॉक्टरबाईंचे हात झरझर चालत होते. नवे हातमोजे चढले, गाल बाहेरून चाचपला, हनुवटीखाली दाबून पाहिलं, पाकिटातला कोरा आरसा आत गेला. एका जागी टेकताच मुलीने डोळे मिटले आणि होडीची कड पकडली.

"मुळाशी पू झालाय. किती दिवस अंगावर काढलंस? तुला कळत नव्हतं? तू शिकलीयस ना हे?" डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या.

मुलीच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"दुखलं?"

मुलीने मान हलवली. नाही.

"मग काय झालं?"

"काही नाही."

डॉक्टरबाईंनी आरसा बाजूला ठेवला. हातमोजा काढून त्याच हाताने मुलीचा गाल पुसला, सुजलेली बाजू सांभाळून. "मीही मघाशी रस्त्यात ब्रेकडाउन झाले," त्या म्हणाल्या.

"गाडीला काय झालं?"

"गाडी ठणठणीत आहे."

मुलीने आईकडे पाहिलं, मग टॉर्च धरून उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं, मग पुन्हा आईकडे. तिला समजलं तसं तिने ओठ घट्ट मिटले.

"हे इथे होण्यासारखं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत्ता गोळ्या देते, पण दाढ उघडून मोकळी करावी लागेल. त्याला खुर्ची लागते. दवाखान्यात चल."

"त्या खुर्चीत मी बसणार नाही," मुलगी म्हणाली. सुजलेल्या गालामुळे शब्द गोल गोल येत होते, पण त्यातला ताठा लपत नव्हता.

"कुठल्या? तुझ्या? तिच्यावर आता दुसरी डॉक्टर काम करते. दोन वर्षं झाली. चांगली आहे. खरं सांगू का, तुझ्यापेक्षा तिचा हात हलका आहे."

मुलगी क्षणभर आईकडे बघतच राहिली. मग तिला हसू आलं, आणि हसताच गाल दुखला, आणि गाल धरून ती होडीवर वाकली. "दादा हे बोलला नाही कधी," ती कशीबशी म्हणाली.

"त्याला मी सांगू दिलं नाही. तू परत यावीस म्हणून जागा धरून ठेवलीय असं तुला वाटलेलं मला चालत होतं." डॉक्टरबाई होडीच्या लाकडावर बोट फिरवत होत्या. मुलीने नुकतीच बसवलेली फळी त्यांनी कडेकडेने चाचपली, जोड कुठे आहे ते नखाने शोधलं आणि त्यांना तो सापडला नाही. "हे तू केलंस?"

"हो."

"बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या. एवढंच. पण त्या फळीवरचा हात त्यांनी लगेच उचलला नाही.

ताईने टॉर्च बंद करून बॅगेत ठेवला आणि ती ट्रककडे निघाली. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि ते तिला अगदी बरोबर वाटलं. वळण घेताना तिने आरशात पाहिलं तेव्हा मुलगी शेडला कुलूप लावत होती आणि आई तिला काहीतरी ऐकवत होती.

संध्याकाळी शेडमध्ये परत आल्यावर तिने धाकटीला सगळं सांगितलं. धाकटीकडेही बातमी होती. त्या मुलाला तिने लगेच फोन लावला होता. लाइन तुटली म्हणून तो कासावीस झाला होता. गाडी नाही, माझी आई, असं त्याला सांगायचं होतं. भर रस्त्यात एकट्या पडलेल्या माणसाकडे कोण जातं, असा विचार केला तेव्हा त्याला दुसरं कोणी सुचलंच नाही.

"आणि आत्ता त्याचाच फोन आला होता," धाकटी म्हणाली. "दाढ उघडली, आता आराम आहे. दोघी येताना गाडीत कडाकडा भांडल्या म्हणे. होड्यांवरून, दवाखान्यावरून, त्या एका वाक्यावरून तर फारच. आईने मागे घेतलं का विचारलं मी. म्हणाला, तसं नाही घेतलं. पण दवाखान्यात पोचल्यावर पेशंटांसमोर म्हणाली, ही माझी मुलगी, हिला आधी घेते, जरा थांबा."

ताईने मान डोलावली. तिने बूट काढले, पाय बाकावर घेतले आणि डोळे मिटून बसली. धाकटी चहा गाळत होती. गाळता गाळता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, तू झालीयेस कधी? ब्रेकडाउन?"

ताईने डोळे उघडले नाहीत. "झालेय की. बाबा गेले त्या वर्षी. दोन-तीनदा."

"कुठे? मी तर तुला कधी पाहिलं नाही."

"ट्रकमध्ये. काचा वर करून."

"मी इथेच केबिनमध्ये असायचे ना?"

"इंजिन चालू ठेवायचे मी," ताई म्हणाली. "आवाज बाहेर येत नाही."

धाकटी गाळणं हातात धरून उभी राहिली. मग तिने कप ताईच्या हातात दिला आणि शेजारी बसली, खांद्याला खांदा लागेल अशी.

"यापुढे फोन करायचा," ती म्हणाली. "नंबर आहे तुझ्याकडे."